भिंतीवरची टोपीची बंदूक

प्रिय प्रफुल,

'प्रिय' लिहाची रीत आहे म्हणून लिहिलं. मनात दुसराच शब्द होता. दसऱ्याले देवळीले आला, पूजा केली, पुरणपोळ्या हाणल्या, आन् मी आंघोळीले गेली तेवढ्यात भिंतीवरची बंदूक चादरीत गुंडाळून नागपूरले घेऊन गेला. विचारलं असतं तर मी देली नसती, हे तुले ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाई. फोन केला तर म्हणतो, आजी, बायांले बंदुकीतलं काय कळते! आन् ठेवून देला. तीनदा.

काय कळते ते वाच आता. तुह्या पणज्यानं, नत्थूजीनं, मले ती चालवाले शिकवली होती. सुनेले शिकवणारा तो एकच माणूस होता या घरात. बंदूक इंग्रजांच्या पलटणीतली, नळीले तीन कड्या, घोड्याजवळच्या पत्र्यावर मुकुट कोरलेला. नळीच्या तोंडातून आधी बारूद, मंग गोळी, मंग गजानं दाबाचं. गोळीच्या बुडाले पोकळी असते. बार उडला का बूड फुगते आन् नळीच्या आतल्या पिळात घट्ट बसते, म्हणून गोळी फिरत, नाकासमोर जाते. मांगं घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी. घोडा तिच्यावर पडला का ठिणगी आत. आन् तू मोबाईलवर लिहिलं, पणजोबांनी सत्तावनच्या बंडात चालवली म्हणून! तवा नत्थूजीचा बाप तरी जन्मला होता का रे? त्यानं रानडुकरं हाकलली तिनं, दुसरं काई नाई.

तुह्या आज्याचंही, मधुकररावाचंही ऐक. नत्थूजी वारले त्या सालची गोष्ट, तुहा बाप माह्या पोटात होता. हे वर्ध्याले बाजारात गेलते आन् इकडं तुरीत डुकरं घुसली. मी बंदूक काढली, टोपी लावली, चाप ओढला. टोपी ओली, फुसकी निघाली. दुसरी लावणार तेवढ्यात हे आले आन् चार गड्यांसमोर माह्या कानाखाली वाजवली. बाईनं शस्त्राले शिवलं म्हणे! गोमूत्रानं पुसली, भिंतीवर टांगली. तवापासून दसऱ्याले हळदकुंकू, फुलं, नारळ. पूजेच्या वस्तूत गज खुपसत नाई, म्हणून आत कोणी पाह्यलं नाई.

तुही बायको, मोनाली, काल फोनवर सांगत होती, रविवारी तुह्या पोरीच्या, मोहिनीच्या वाढदिवसाले तू टोप्या मागवल्या. रिकाम्या बंदुकीवर टोपी फोडून पोट्ट्यांले आवाज ऐकवणार म्हणे. प्रफुल, ती रिकामी नाई. त्या दिवशी मी बारूद टाकली, गोळी टाकली, गजानं दाबली, ती अजून तिथंच आहे. मधुकररावानं विचारलं नाई, थापडीच्या रागानं मी सांगितलं नाई. तो माणूस मरेपर्यंत भरल्या बंदुकीपुढं नारळ फोडत राह्यला, आन् मी मांगं हात जोडून पाहत राह्यली. ते पाप माहं आहे, तुह्या पोरीनं फेडाचं नाई. फोनवर तू ऐकत नाई, मोनालीचंही ऐकणार नाई, म्हणून शेजारच्या आदेशच्या हाती चिठ्ठी देली. त्याले सांगितलं, प्रफुलनं पुरी वाचल्याबिगर उठू नको. टोपी लावू नको. कोणाले हात लावू देऊ नको. शनिवारच्या पहिल्या एसटीनं मी येऊन राह्यली. मी भरली, मीच रिकामी करीन.

तुहीच, पण अजून रागातच,
अनुसया आजी