सही करायच्या आधी

प्रिय टिल्लू,

सहा फुटी माणसाला कोठडीत या नावानं पत्र आलेलं पाहून तिथले शिपाई हसतील. हसू देत. तुझ्यासाठी केलेल्या वकीलबाई हे पत्र आजच तिथे पोचवणार आहेत; आधी शिपाई ते उघडतील आणि मग तुला मिळेल, असं त्या म्हणाल्या, म्हणून लपवण्यासारखं काही लिहीत नाही. घरी सगळे ठीक आहेत असं लिहायला बसले होते, पण ठीक कोणीच नाही. बाबा दिवसभर रेडिओचे सेल काढतात आणि परत घालतात. तुझा हत्यारांचा डबा मी माझ्या पलंगाखाली ठेवलाय, आईला तो डोळ्यांसमोर नको होता.

त्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई गेल्या याचं दुःख मलाही आहे. तू तिथे लिफ्टच्या दुरुस्तीला गेलास की त्या तुझ्यासाठी चहा टाकायच्या, शर्टाचं तुटलेलं बटण अंगावरच शिवून द्यायच्या, हे तूच कौतुकानं सांगायचास. त्या आत असताना लिफ्ट कोसळली हे कळल्यावर तू त्यांच्या घरी धावलास. तू तसाच आहेस. पण दारात मटकन बसून, घरभर माणसं असताना, तू त्यांच्या नवऱ्याला म्हणालास की माझं चुकलं. तेवढंच वाक्य आता चौघांच्या जबाबात आलंय. काय चुकलं, ते कुणी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

ते वाक्य कुठून आलं, हे मला पक्कं ठाऊक आहे. बाबांचा आवाज चढला की आई आपल्याकडे बघायची. मी हट्टानं ताठ उभी राहायचे आणि तू पुढे होऊन माझं चुकलं म्हणून मोकळा व्हायचास. मग दूध मांजरानं सांडलेलं असो, नाहीतर बाबांनी स्वतःच चष्मा कुठेतरी ठेवलेला असो. बाबा निवायचे, आई पानं वाढायची. खिडकीची काच फुटली तेव्हा तर तू तापानं फणफणलेला होतास, तरी आतून पांघरुणातूनच माफी मागितलीस. त्यावर आपण कितीतरी वर्षं हसत आलो. आता हसू येत नाही. तिथे कोठडीत तुझ्या माफीनंतर कुणी पानं वाढणार नाहीये, टिल्लू.

म्हणून वकीलबाईंनी सांगितलेलं नीट वाच. गप्प राहणं हा गुन्हा नाही. स्वतःच्या विरुद्ध बोलायला तुला कुणी भाग पाडू शकत नाही, दमदाटीनं नाही आणि गोड बोलूनही नाही. आपल्यावर नेमका आरोप काय आहे, हे विचारायचा तुला हक्क आहे. चौकशीला बसवलं की माझ्या वकीलबाईंना बोलवा म्हणायचं आणि तोंड मिटून घ्यायचं. कंपनीनं पाठवलेला तो चकचकीत बुटांचा वकील तुझा नव्हे, कंपनीचा आहे. त्यानं लिहून आणलेला जबाब वकीलबाईंनी पाहिलाय. ब्रेक तपासायला तू विसरलास असं त्यात आहे. लिफ्ट बंद ठेवा म्हणून तू कंपनीतल्या तुझ्या साहेबांना बजावलं होतंस, त्याचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. त्यावर सही करू नकोस. वकीलबाईंना मात्र सगळं सांग, सांगायची लाज वाटेल तेही.

चूक कुणाची, ते मला माहीत नाही. थोडी तुझीही असेल. असली तर तीही उघड होऊ दे, आपण मान खाली घालून पत्करू. पण शोध तर लागू दे. मागे फ्यूज उडाला आणि मी नुसती जाड तार गुंडाळून दिवे लावले, तेव्हा तू केवढा भडकला होतास. आधी कशानं उडाला ते बघायचं असतं, म्हणालास. माझ्यावर तू ओरडलास ते तेवढंच एकदा. तू सही केलीस की इथेही तार गुंडाळून दिवे लागतील. त्या कंपनीच्या लिफ्ट आणखी किती इमारतींमध्ये चालतात, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

हे सगळं मी समोर बसून सांगितलं असतं. पण उद्याच्या भेटीला घरच्या एकालाच आत सोडणार आहेत आणि आई येतेय. काल तुझे साहेब घरी येऊन गेले. पोरानं सही केली की प्रकरण लवकर मिटेल, शिक्षाही नावापुरती होईल, असं त्यांनी तिच्या गळी उतरवलंय. मी खूप भांडले, पण तिला पोरगं लवकर घरी हवंय, बाकी काही ऐकूच येत नाही. उद्या ती जाळीपलीकडून तुझ्याकडे बघेल, बाबांचा आवाज चढल्यावर बघायची अगदी तशीच. त्या नजरेला तू आजवर कधी नाही म्हटलेलं नाहीस. उद्या म्हण. ती रडेल, तरी म्हण. घरी येऊन ती माझ्यावर बरसेल, की तूच त्याला फितवलंस. तेव्हा मी पुढे होऊन माझं चुकलं म्हणेन. या खेपेला ते मला म्हणू दे.

तुझीच,
ताई