बिमार पऱ्हाटीची खबर

सोनाळा

जानरावभाऊले शकीलचा सलाम अन् घरात सगळ्यायले रामराम. तुह्या गुडघ्याची ठणक कमी झाली काय? म्हैस व्याली काय? इकडं आमी खुशाल आहो. फक्त एक पऱ्हाटी, कपाशीचं एक झाड, बिमार आहे, अन् तिच्यापायी सारा गाव माह्या ओट्यावर जमून राह्यला!

माही पुतणी अंजुम (हाव, तीच, लहानपणी तुह्या मिशा पाहून रडे ते) अकोल्याले झाडायवर संशोधन करते. ती म्हणते, अळी लागली की झाड पानातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडते, अन् तो मोजला की झाडाचा तरास समजते. (बीटी कपाशी आली तवा अळी मेली म्हणून आपण पेढे खाल्ले, आता गुलाबी अळी घरजावयासारखी बोंडात बसली.) तिनं शेतातली एक अळी लागलेली पऱ्हाटी कुंडीत आणली, तिच्यावर प्लास्टिकची टोपी घातली, टोपीतून नळी काढली अन् नळी मशीनमंदी खुपसली. शुक्रवारी तिचे सर येणार. वायू दिसला तर ठीक, नाही तर विषयच बंद. पोरगी धड जेवत नव्हती.

आता आपल्या इथं बिमाराले पाहाले जाणं आलंच. पहिले पुंजाजी आले. कुंडीपाशी बसले, "कसं वाटते वं माय?" म्हणून झाडालेच विचारलं अन् बिडी पेटवली. मीही साथ दिली. अन् काय सांगू भाऊ, मशीनवरचा आकडा भराभरा चढला! नाचलो ना मी! मंग तर जो आला तो बसला, च्च च्च केलं, बिडी ओढली, अन् पऱ्हाटी आणखीनच तरासली. वच्छलाबाईनं मिरच्या जाळून तिची नजर काढली, तवा तर आकडा मशीनमंदी मावेना. असं नवल तुह्या डोणगावात दिसाचं नाही. हातातलं काम टाक अन् ये!

तुहा,
शकील

ता. क. : घात झाला. तो वायू बिडीच्या धुरातही राह्यते म्हणे. म्हणजे पऱ्हाटी नाही, मी अन् पुंजाजीच मोजल्या गेलो. अंजुमचा हुकूम सुटला : बिडी बंद, नाही तर चाचा ओट्याखाली. तर तू येऊ नको. शुक्रवारपर्यंत मीच तुह्याकडं राहाले येतो. बिड्यायचे बंडल आणून ठेव.

आणखी एक ता. क. : थैली भरून निघालोच होतो. ओट्यावर कोणी नाही, धूर नाही, अन् आकडा हलला! एवढासाच, पण हलला! अंजुम "चाचा!" म्हणून ओरडली अन् माह्या गळ्यात पडून रडली. मलेही भरून आलं. पऱ्हाटी बिचारी खरंच तरासात होती, अन् आमी उशाशी बसून तिले बोलूच देत नव्हतो. आता मी कुठंच जात नाही. दारात बसलो आहो अन् पाहाले येणाऱ्याचे खिसे तपासून राह्यलो. शुक्रवारी तू जरूर ये, पण खिसा घरीच रिकामा करून ये.