अजून न घालवलेल्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र

सावदा, मंगळवार

ती. जितेंद्रमामांस,

भाविकाचा धुळ्याच्या दिशेने वाकून नमस्कार. मामींची कंबर आणि तुमची स्कूटर, दोन्ही आता ठीक असतील अशी आशा आहे. इकडे सगळे ठणठणीत आहेत, फक्त माझं काय करायचं ते कुणालाच कळत नाहीये. त्यात मीही आले. (पत्र अशासाठी, की फोनवर आई स्पीकर लावते आणि मग माझ्याऐवजी अख्खी गल्ली बोलते.)

नीटमध्ये चार मार्कांनी एमबीबीएस हुकलं हे तुम्हाला माहीत आहेच. पुन्हा परीक्षा देईपर्यंत एक वर्ष हातात आहे, आणि ते घरच्यांनी आपसांत वाटून घेतलंय. पप्पा म्हणतात, लातूरला क्लास लाव. आबा म्हणतात, "लातूर-बितूर काही नको. पहिली बाग गेली ना? मंग पिलबाग घ्या!" (म्हणजे केळीच्या जुन्या खुंटाशेजारी फुटलेल्या पिलावर दुसरं पीक. त्याला नवी लावणी लागत नाही, हेही त्यांनी पप्पांकडे बघून सांगितलं.) एरंडोलच्या कलाआत्या सध्या आमच्याकडे आहेत. त्यांनी माझ्यासाठी स्वयंपाक, शिलाई आणि एक मुलगा, असं तिन्ही योजून ठेवलंय.

त्यात पप्पांना कुणीतरी सांगितलं, की शिक्षणात खंड पडला तर प्रवेशाला गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं आणि ऐनवेळी त्याला फार रांग असते. झालं! मागच्या सोमवारी आम्ही रावेरला, तहसीलबाहेरच्या तोतारामभाऊ टायपिस्टांच्या टेबलासमोर. त्यांनी 'मी शपथेवर लिहून देते की सदर वर्षात मी' इथवर टाइप केलं आणि विचारलं, "काय केलं बाई वर्षभर?" मी म्हटलं, वर्ष अजून सुरूच व्हायचंय. ते चष्मा काढून बघत राहिले. पप्पा म्हणाले, "तुम्ही लिहा तं भाऊ, ती करून घेईन."

मग तिथूनच घरी फोन. आबांनी 'केळीबागेची देखरेख' सांगितलं, आत्यांनी 'गृहकृत्य', पप्पांनी 'अभ्यास'. तोतारामभाऊ शहाणे, त्यांनी तिन्ही घातलं. आता शपथ खोटी ठरू नये म्हणून मी सकाळी बागेत, दुपारी पोळपाटाशी आणि संध्याकाळी जीवशास्त्रात असते. काल कणकेच्या गोळ्यात मला मूत्रपिंड दिसलं, तेही डावं.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, तुला काय करायचंय? मी 'आवाज येत नाही' म्हणून फोन ठेवला. आवाज छान येत होता, मामा. उत्तर येत नव्हतं. नववीपासून सगळे मला डॉक्टरच म्हणतात. व्हायचंय का, हे कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारलंत आणि मी घाबरले.

तुमची,
भाविका

ता. क. पितांबरभाऊंच्या केळीच्या गाडीबरोबर हे पत्र आणि एक घड पाठवतेय. घड मामींना द्या, पत्र देऊ नका.

ता. क. २. एमबीबीएस प्रवेशाच्या शेवटच्या फेरीची यादी आज सकाळी लागली. त्यात माझं नाव आहे, तेही धुळ्यालाच. शुक्रवारी पाचच्या आत हजर व्हायचंय. घरात कुणालाच सांगितलेलं नाही. नाव बघून आधी हसू आलं, मग रडू, आणि कुठलं खरं ते अजून ठरत नाहीये. गुरुवारी सकाळी या. हसत असले तर पप्पांना तुम्हीच सांगा. रडत असले तर मला बाजूला घ्या आणि मी काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐका. मलाही ते ऐकायचंय.