तीन पाण्यांतली सुकट

आये,

पहिल्या ओळीत मी ‘आई’ लिहिलं होतं. ते खोडून हे लिहिलं. सांगलीत मालकीणबाईंच्या देखत तू हाक मारलीस की मी ‘काय गं आई’ म्हणायचे, आणि जिन्याचं दार लावलं की पुन्हा ‘आये’. हे तुझ्या लक्षात आलं नसेल असं मी इतकी वर्षं धरून चालले. आता वाटतं, तुझ्या सगळंच लक्षात येत होतं.

तुला जाऊन सहा वर्षं झाली. माझी बदली साताऱ्याला झाली, सरकारी क्वार्टर मिळाली. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी. इथं माझ्या स्टोव्हवर काय शिजतं ते कुणी विचारत नाही. तरी पहिलं वर्षभर मी सुकट आणली नाही. मग एकदा आठवड्याच्या बाजारात सुकट विकणाऱ्या बायकांच्या रांगेपाशी पाय थांबले आणि मी ओंजळभर घेतली. का घेतली ते मला नीट सांगता येत नाही. त्या दिवशीच्या डायरीतही नुसतं ‘बाजार केला’ एवढंच आहे. परत येताना एक करडी मांजरी मागं लागली. कान फाटलेला, शेपटीचं टोक गेलेलं. ती त्या बायकांच्या टोपल्यांखाली जन्मलेली, तिथंच वाढलेली. कुणाच्या हाताला लागायची नाही, हात पुढं केला की फिस्कारायची. सुकटीच्या वासानं मात्र ती माझ्या ओट्यापर्यंत आली. उंबरा ओलांडायला तिला दोन महिने लागले आणि माझ्या पायाशी बसायला आणखी चार. सुकट विकणारी बाई मला दर खेपेला टोमणा मारायची, ‘आवं बाई, माझं जित्राब पळवलं तुमी. आता उंदरांनी टोपली कुरतडली की राखणीला तुमालाच बशिवते.’

ती सुकटीशिवाय कशालाच तोंड लावायची नाही. दूध नको, पोळी नको, भात नको. जर्मनची एक चेपलेली ताटली तिची, तीत सकाळ-संध्याकाळ खारी सुकट. मला त्यात काही गैर वाटलं नाही. खरं म्हणजे तिला कुरूकुरू खाताना बघून मला बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्याचं मी कधी फार खोदून पाहिलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात ती सारखी पाणी प्यायला लागली. केस राठ झाले. मोरीपाशी लघवीला बसायची आणि तशीच उठायची, कण्हायची. मी तिला बाजाराच्या पिशवीत घातलं, तोंड नाडीनं बांधलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. माझी दोन्ही मनगटं ओरबाडलेली. आवारात म्हशी, बैल, एक लंगडी शेळी, आणि त्यांचे मालक सगळे माझ्या पिशवीकडं बघत होते. अंगात जुना लष्करी कोट घातलेला एक म्हातारा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, ‘बाई, दूध किती देतीया?’ सगळे हसले, मीही हसले. डॉक्टरही हसतच आले, पण तिचं पोट चाचपल्यावर हसायचे थांबले. काय खाते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, हे सगळं मिठानं झालंय, तिला ताजं द्या, उकडलेलं, बिनमिठाचं. मग मी पिशवी बांधत असताना म्हणाले, ‘पण एकदम बंद करू नका हं बाई. उपाशी बसेल, आणि दोन-चार दिवस उपाशी बसली तर तेवढ्यानंच जाईल. हळूहळू कमी करत आणा.’

मी मान हलवली आणि फाटकापर्यंत आले. तिथं थांबले. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. पूर्वी कधी ऐकलेलं नव्हे, वाचलेलं. आणि तुला वाचून दाखवताना मी ते बदललं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात म्हसवडच्या आपल्या आळीतला आड आटला तेव्हा मी तुला सांगलीला आणलं. बोचक्यात दोन लुगडी आणि चिंधीत बांधलेली सुकट. ती खोली मी कशी मिळवली होती ते तुला कधी सांगितलं नाही. तीन घरी मी आडनाव सांगितलं आणि तिन्ही घरी खोली आदल्याच दिवशी दुसऱ्याला गेलेली निघाली. आपण दीक्षा घेतल्याला सोळा वर्षं झाली होती, मी बी.ए. होते, सरकारी नोकरीत होते, आणि आडनाव मात्र जिथल्या तिथं होतं. चौथ्या घरी मालकीणबाईंनी आडनाव विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कचेरी कुठली ते सांगितलं, तेवढं त्यांना पुरलं. अट एकच होती, घरात मांस-मच्छी शिजता कामा नये. तुझी चिंधी मी पहिल्याच दिवशी बरणीत कोंबली, तोंडाला फडकं बांधलं आणि वरच्या फळीवर ठेवली. पण चार-आठ दिवसांनी भाकरीवर ठेवायला चिमूट मागायचीस, मी कच्चीच द्यायचे, आणि तू खाईपर्यंत माझं लक्ष दाराकडं असायचं.

दोन महिन्यांनी तुला चक्कर आली. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर सांगितलं. पथ्य मी लिहून मागितलं, मला सगळं लिहूनच लागतं. त्यांनी चिठ्ठीच्या मागं मराठीत लिहून दिलं. घरी आल्यावर तू भिंतीला टेकून पाय पसरलेस आणि डोळे मिटून म्हणालीस, ‘वाच बघू, काय म्हणतोय त्यो.’ पलटणीतून दादाचं पत्र आलं की तू अशीच बसायचीस. तुझं वाचणं म्हणजे माझा आवाज होता. चिठ्ठीत होतं की मीठ कमी करत आणावे. खारवलेले एकदम बंद करू नये, वयस्कर माणसाचे जेवण तुटते. प्रमाण हळूहळू उतरवावे. मी वाचलं, मीठ बंद, खारवलेलं सगळं आजपासून बंद. तू डोळे उघडलेस. ‘सुकटीचं नाव लिवलंय त्यानं?’ सुकट हा शब्द त्या कागदावर कुठंच नव्हता. मी म्हणाले, लिहिलंय.

‘मग ऱ्हायलं,’ तू म्हणालीस. ‘कागदावर हाय म्हंजी हाय.’

मी तुझ्या जिवाला जपत होते असं तेव्हा माझं मलाच पटलं होतं. आता नीट आठवून बघते. चिठ्ठी हातात असताना माझ्या मनात तुझं ब्लडप्रेशर नव्हतं. फळीवरची बरणी होती, आणि आता तिचा निकाल लागला या विचारानं वाटलेली सुटका होती. खोली जाण्याची भीती खरी होती, ती मी नाकारत नाही. पण तेवढीच नव्हती. कचेरीतून आल्यावर जिना चढताना आपल्या घराला कसला वास येतो हे मी हुंगून बघायचे, आणि वास नसला की मला आपण कुणीतरी झाल्यासारखं वाटायचं.

तू दोन दिवस अळणी आमटी-भाकरी खाल्लीस. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, ‘मी तीन पाण्यातनं काढते की. तिसऱ्या पाण्याला मीठ ऱ्हात न्हाई, नुसती चव ऱ्हाती.’ म्हसवडला तू नेहमी तसंच करायचीस. परातीत सुकट भिजत घालायची, खळाळून पाणी टाकायचं, पुन्हा भिजवायची. तिसरं पाणी जिभेला लावून बघायचं आणि मगच तव्यावर. इतका सोपा उपाय तू सांगितलास आणि मी तुला म्हणाले, डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का.

एके दिवशी मी कचेरीतून लवकर आले. दार नुसतं लोटलेलं, ढकललं तर जड लागलं. तू ओलं लुगडं पिळून दाराच्या फटीत दाबून बसवलं होतंस. खिडकी बंद. खोलीभर धूर, आणि तू स्टोव्हसमोर घामानं निथळत, तव्यावर मूठभर सुकट. परातीत तिसरं पाणी तसंच होतं. मी तवा उचलला, होतं ते सगळं वर्तमानपत्रात ओतलं, बरणीही पिशवीत टाकली. तुला मरायचंय का, म्हणाले. कागदावर लिहिलेलं तुला कळत नाही का, म्हणाले. तू पदरानं तोंड पुसलंस आणि शांतपणे म्हणालीस, ‘कागद तू वाचलास बाई. मी कुठं वाचलाय.’

मी ते सगळं कृष्णेच्या घाटावर जाऊन पाण्यात टाकून आले. येताना खिडकी उघडायची राहिली, खालून कुणी विचारेल, याचाच विचार करत होते. घरी आले तर खिडकी तू उघडली होतीस, तवा घासला होतास आणि ओलं लुगडं दोरीवर वाळत घातलं होतंस. त्या लुगड्याचा अर्थ मी सहा वर्षं लावला नाही. मीठ काही दाराखालून बाहेर जात नाही, आये. तुला माहीत होतं मी कशाला भीत होते. तू सुकट धुतलीस ती डॉक्टरासाठी आणि दार बंद केलंस ते माझ्यासाठी. दोन्ही पथ्यं तू पाळलीस.

त्या दिवशीची डायरी मी काल काढून पाहिली. ‘आईला पथ्याचे महत्त्व समजावले. ऐकते आहे.’ एवढंच.

त्यानंतर तू सुकटीचं नाव काढलं नाहीस. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. मी विचारलं की म्हणायचीस, लय झालं, पोट भरलं. चार महिन्यांनी गेलीस. डॉक्टर हृदय म्हणाले, आणि मी उगाच सगळं माझ्या माथी घेऊन मोठेपणा करणार नाही. तुझं आयुष्य तेवढंच असेल. पण तुझं जेवण तुटलं, आणि ते तुटेल हे मला लेखी माहीत होतं.

मांजरीचं सांगते. मी बाजारातून नदीचे ताजे मासे आणले, बिनमिठाचे उकडले, काटे काढले आणि ताटलीत ठेवले. तिनं हुंगलं आणि घाण झाकावी तशी ताटलीभोवतीची फरशी पंजानं ओढली. मग पाठ करून बसली. दुसऱ्या दिवशी मी परात काढली. सुकट भिजत घातली, पहिलं पाणी टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं जिभेला लावून बघितलं. खरंच मीठ नव्हतं, नुसती चव होती. ती भाजून कुटली आणि एका वाटीत भरली. पहिले आठ दिवस ताटलीत सगळी तीच, माशाचा फक्त नखाएवढा तुकडा. तो ती वेचून बाहेर ठेवायची. मग मी तुकडा कुस्करून मिसळला. मासा गार झाला की ती तोंड फिरवते हे कळल्यावर माशाची वाटी कोमट पाण्यात धरून द्यायला लागले. एकदा मी मासा घाईनं जास्त घातला तर ती दीड दिवस उपाशी बसली. मी घाबरून मागं गेले, पुन्हा नखाएवढ्यापासून सुरू केलं. सकाळी तिच्याजवळ फरशीवर बसून राहायचे, बोलायचे काहीबाही. कचेरीत तीनदा उशीर झाला. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा घरी आजारी माणूस आहे म्हणून सांगितलं. सुकटवाली म्हणाली, ‘अलीकडं कमी न्हेताय. मांजर सासरी गेली का काय?’

चाळीस दिवस लागले. परवा सकाळी तिनं नुसता उकडलेला मासा खाल्ला, वर चिमूटभर सुकटीचा भुगा. ताटली सरकत सरकत भिंतीपर्यंत गेली इतकी चाटली. कचेरीतले लोक म्हणतात, एका मांजराचं इतकं करणारं माणूस बघितलं नाही. ते कौतुकानं म्हणतात आणि मला मान वर करवत नाही. तिच्याजवळ बसायला मला सकाळचा तास सापडला, वाटी कोमट ठेवायचं सुचलं, हट्टाचा राग आला नाही. या सगळ्याला कुठलंही शिक्षण लागलं नाही. जे लागलं ते तूच शिकवलेलं होतं, आणि तुझ्या वेळी मी ते नदीत टाकून आले.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्न नाही. ते कुणी वाचून दाखवायचं, हा आहे. तुझी पत्रं वाचणारी मी एकटीच होते. म्हणून आज दुपारी इथंच स्वयंपाकघरात, तू टेकून बसायचीस तशी एक भिंत समोर घेऊन, मोठ्यानं वाचायला बसले. बाजार वाचला, दवाखाना वाचला, तो कोटातला म्हातारा वाचताना मला हसूही आलं, तुलाही आलं असतं. मग ब्लडप्रेशरची चिठ्ठी आली. तिच्यात काय होतं ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती, माझ्याच अक्षरात, स्वच्छ. मी ती गाळली आणि पुढचं वाचायला लागले. ध्यानात आलं तेव्हा लुगड्यापर्यंत पोचले होते. मागं जाऊन ती ओळ वाचायला कुणाचीच हरकत नव्हती. घरात मी आणि मांजरी, खिडकी सताड उघडी. तरी मी कागद तसाच घडी करून डायरीत ठेवला.