देवघरातल्या डबीतली राख

अप्पा, मला भीती वाटतेय. तुम्हाला सोडून हे कुणाला सांगू? अव्वाला सांगता येत नाही, या वयात आईच्या जिवाला घोर कशाला, आणि लेकीला सांगितलं तर ती हसते.

तुम्ही गेलात तेव्हा बालवाडीत असलेली तुमची नात आता मॉन्टसेराटला नोकरी करते. होय, तेच बेट. शाळेत भूगोल शिकवून घरी आल्यावरही तुमचा तास काही संपायचा नाही. अव्वा भाकरी थापतेय, आणि तुम्ही परातीतल्या पिठावर बोटानं ते इवलंसं बेट काढताय. इंग्रजांच्या झेंड्याखाली आयरिश लोक येऊन वसले, मग आफ्रिकेतून माणसं साखळदंडात आणली, डोंगराच्या उतारावर ऊस लावला. मी वहीत 'बेटावर गोड ऊस पिकतो' असं लिहिलं, तर केवढे कडाडलात! "गोड कुणाला? तोडणाऱ्याला विचार की!" आपल्याकडचा तो झेंडा उतरला, तिथला अजून फडकतोय, हे तुम्ही असं सांगायचात की जणू आपलंच कुणी तिथं अडकलंय.

मग त्या डोंगरातला ज्वालामुखी जागा झाला. हातात पेपर धरून तुम्ही ओट्याजवळ उभे आहात, चहा निवतोय. राजधानी राखेखाली गेली, निम्म्याहून जास्त लोक बेट सोडून गेले. "पिठावरनं हात फिरवावा तसं पुसलं रे," एवढंच म्हणालात. अर्धं बेट अजूनही बंद आहे, तिथं जायला मनाई आहे. तुमची नात मात्र जाते, कारण डोंगरातून निघणारा वायू मोजणं हीच तिची नोकरी. तुमची ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकतच वाढलीय ती. काल फोनवर म्हणाली, "बाबा, उद्या पुन्हा वर जायचंय."

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी ती घरी आली होती. जाताना त्या गाडलेल्या गावातली राख माझ्यासाठी कागदाच्या पुडीत ठेवून गेली. पुडी टेबलावरच राहिली. अव्वानं बघितली आणि आपल्या घरातलं कुणीही करेल तेच केलं, विभूती समजून देवघरातल्या डबीत ओतली. आता रोज लावते.

"ह्यो अंगारा लई खरखरीत हाय की. कुटल्या मठातला रे?"

"लांबचा आहे, अव्वा."

"लांबचाच पायजे. पोरगी तिकडं एकटी हाय. संबाळंल तिला."

अव्वाला वाटतं, पोरगी हापिसात पंख्याखाली बसते. राख कुठली ते सांगितलं की डोंगरही सांगावा लागेल. तिच्या कपाळावरचे करडे पट्टे बघितले की मला तो उतार दिसतो, आणि त्यावर चढणारी माझी पोर.

कॉलेजात गेल्यापासून मी विभूती लावलेली नाही. तुम्ही डबी पुढं करायचात, मी मान वळवायचो, आणि तुम्ही कधी जबरदस्ती केली नाहीत. आज पोर डोंगरावर गेलीय. फोन लागत नाही. हे पत्र टाकणार तरी कुठं? तुम्ही आता जिथं आहात त्या गावाचा नकाशा भूगोलाच्या मास्तरांनीही कधी काढून दाखवला नाही. पण एक सांगतो, अप्पा. मघाशी अव्वा शेजारी गेली तेव्हा मी ती डबी उघडली. आत काय आहे ते ठाऊक असून तीन बोटं भरून कपाळाला लावली. खरखरीत आहे खरी. अजून पुसलेली नाही.