मिक्कोसच्या डोक्याचे माप

सारे ठीकच होईल अशी आशा आहे. पण न झाल्यास माझ्यामागे कोणाला काही विचारत बसावे लागू नये, म्हणून मी, फानोस, एवथिमोसचा मुलगा, राहणार कोलितोस, अथेन्स, धंदा नाटकाचे मुखवटे करणे, वय वर्षे एकाहत्तर, हे लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे गेले आहेत आणि डावा डोळा अधू आहे, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही आणि मी प्यायलेलो नाही. तिबिओसने सकाळपासून बुधला लपवून ठेवला आहे.

माझी पत्नी मिर्रिने वारली. अपत्य हयात नाही. त्यामुळे माझे जे काही आहे ते कोणाला द्यावे हे ठरवण्याची मोकळीक कायदा मला देतो.

चार वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र करून वस्तीच्या प्रमुखाकडे ठेवले होते. त्यात शेजारी लिकॉन यास माझ्या मरणानंतर माझा दत्तक मुलगा मानावे असे लिहिले होते. ते मृत्युपत्र या लिखाणाने रद्द झाले असे समजावे. कारण पुढे येईल. लिकॉनचा त्यात काही दोष नाही.

तिबिओस एकवीस वर्षे माझा गुलाम आहे. माझा श्वास थांबेल त्या दिवसापासून तो स्वतंत्र. लाकडी साचे, सरसाची कढई, सगळ्या कात्र्या, रंगाचे कुंचले आणि तागाच्या कापडाचे जे तागे शिल्लक असतील ते त्याचे. गेली सहा वर्षे मुखवटे तोच करतो आहे आणि शाबासकी मी घेतो आहे. त्याला हे वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "मालक, कढईला भोक पडलंय, ते पण लिहा." लिहिले.

माझा चुलतभाऊ थिओगेनेस यास माझी मोठी करवत द्यावी. ती त्याने एकदा मागून नेली आणि सात दात तोडून परत आणली. वर म्हणाला, "मुखवटे म्हणजे बायकांचं शिवणटिपण, तुला कशाला हवी करवत?" दात त्यानेच बसवून घ्यावेत. याहून जास्त त्याला काही मिळणार नाही. तो दावा लावील याची मला खात्री आहे, म्हणून साक्षीदार तीन घेतले आहेत.

आता घराचे. घर, मागचे अंगण, अंजिराचे झाड आणि विहिरीतला अर्धा हक्क मी लिकॉन यास देतो. देणगी म्हणून देतो, मुलगा म्हणून नव्हे. दत्तक घेतले असते तर तो लिकॉन, फानोसचा मुलगा झाला असता. त्याच्या खऱ्या बापाच्या नावाने वर्षाचे तर्पण करायला त्या घरात कोणी उरले नसते. चार वर्षांपूर्वी मी हेच औदार्य समजून करायला निघालो होतो. लिकॉननेही डोळ्यांत पाणी आणून होकार दिला होता. गेल्या वर्षी त्याला बापाच्या नावाने दूध-मध ओतताना पाहिले, तेव्हा कळले. त्याच्या बापाकडून, मिक्कोसकडून, मी एकदा सगळे काढून घेतलेच होते. आता मी त्याचा मुलगाही न्यायला निघालो होतो.

लिकॉनचा बाप मिक्कोस. त्याचे मरण माझ्या हातून झाले. कसे, ते आता लिहितो. अडतीस वर्षे लिहायचे टाळले.

त्या वर्षी महोत्सवात एका शोकनाटकात गाणाऱ्यांचा जो समूह असतो त्यात आम्ही दोघे होतो. समूहात पंधरा माणसे लागतात. आमच्या गुरूने सोळा घेतली होती, कोणी आजारी पडला तर एक हाताशी असावा म्हणून. तो सोळावा मी. मिक्कोसचा आवाज माझ्याहून चांगला होता, हे तो सोडून सगळ्यांना ठाऊक होते. मुखवटे करायचे कामही माझ्याकडेच होते.

तालमी चालू असताना उत्तरेकडच्या मोहिमेच्या याद्या लागल्या. आमच्या टोळीच्या, म्हणजे नगराच्या दहा विभागांपैकी आमच्या विभागाच्या, यादीत मिक्कोसचे नाव होते आणि माझेही. समूहात असलेल्याला महोत्सव होईपर्यंत लढाईवर नेत नाहीत. पंधरा सुटले. सोळाव्याला जावे लागणार होते.

तेव्हा मिर्रिने आठव्या महिन्यात होती. आधीचे दोन गेले होते. ती माझा हात पोटावर ठेवून म्हणायची, "तू असलास तर हा राहील." मिक्कोसच्या घरी फिलिन्ना होती आणि दोन वर्षांचा लिकॉन. दोन्ही पारडी मी रोज तोलायचो आणि रोज माझेच जड व्हायचे.

गुरू मला म्हणाला, "पंधरावा मुखवटा मिक्कोसच्या मापाने कर. तुझं काय ते पुढे बघू." मी मिक्कोसला अंगणात बसवले, त्याच्या डोक्याभोवती दोरी गुंडाळली आणि जिथे ती जुळली तिथे गाठ मारली. डोके मोठे होते. तो म्हणाला, "आई म्हणायची, हा जन्माला येताना मला मारणारच होता." आम्ही हसलो.

मग मी आत जाऊन मुखवटा माझ्या मापाने केला.

दोन बोटांचा फरक. सरस वाळल्यावर ताग ताणला जात नाही. मुखवटे घालून पहिली तालीम झाली तेव्हा मिक्कोसचा जबडा आत दाबला गेला आणि आवाज घुसमटला. गुरू वैतागला. "काय रे, तोंडात ऑलिव्ह धरून गातोस का? काढ तो. फानोस, तू घाल बघू." मला तो नीट बसला. मुखवटा करणाऱ्याला तो इतका नीट कसा बसला, हे कोणीही विचारले नाही. मिक्कोस कपाळावरचा वळ चोळत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तू तोंड पाडू नकोस. माझंच डोकं बेढब, त्यात तुझी काय चूक? फिलिन्नाकडे लक्ष ठेव म्हणजे झालं."

तेव्हा तोंड उघडायला वेळ होता. जहाज तीन दिवसांनी सुटले.

नाटक एका राणीचे होते. शत्रूपासून पळालेला एक अनोळखी माणूस तिच्या नगरातल्या वेदीला येऊन बिलगतो. त्याला हवाली केले तर तिचा ओलीस ठेवलेला मुलगा सुटेल. पण शरण आलेल्याला वेदीवरून ओढून काढले तर देवांचा अपराध. ती त्याला हवाली करत नाही. मुलगा मारला जातो. मग ती दारातून बाहेर येते आणि साऱ्या नगरासमोर सांगते, "हे मी केलं. दैवाने नाही, मी केलं." आम्ही पंधरा जण त्या नगरातले म्हातारे. काठ्या टेकत आम्ही गायचो की बाई, आमच्यात तुझे धाडस नाही, आम्ही बघणारी माणसे. चौदा हजार लोकांसमोर मी ते गायलो आणि खरे तर तेवढेच खरे बोललो. आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला.

लोक त्या राणीला शूर म्हणत रडले. मला तिचा हेवा वाटला. काहीही केले तरी तिचे वाटोळेच होते आणि तरी तिने आपले कृत्य आपल्या तोंडाने सांगितले. माझेही कारण खोटे नव्हते. पण मी ते एका डोक्यावर ढकलून दिले आणि त्या डोक्यालाच दोष घेऊ दिला.

मिर्रिनेला मुलगा झाला. दहाव्या दिवशी नाव ठेवायचे होते. नवव्या दिवशी तो गेला.

मोहिमेतून आलेला कातडी कमावणारा स्त्रातिओस न्हाव्याच्या दुकानात सांगत होता ते मी ऐकले. ओढ्यापाशी आपली माणसे मागे हटली. एकाच्या मांडीत भाला होता, त्याला उचलता येईना. मिक्कोस त्याच्यापाशी ढाल घेऊन थांबला आणि बाकीच्यांना म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं. मला नाटकातली सगळी गाणी पाठ आहेत, याला ऐकवत बसतो. तिथं कोणी ऐकलं नाही, हा तरी ऐकेल." स्त्रातिओस म्हणाला, टेकडी चढेपर्यंत त्यांना गाणे ऐकू येत होते. हाडे आली ती टोळीच्या एकाच पेटीत सगळ्यांची मिसळून आली. फिलिन्नाला टोळीतल्या मृतांच्या दगडावर कोरलेले नाव तेवढे मिळाले.

लिकॉन अठरा वर्षांचा झाला तेव्हा लढाईत बाप गेलेल्या इतर मुलांबरोबर नगराने त्याला चिलखत दिले आणि नाटकांच्या आधी रंगमंडलात मिरवले. दवंडीवाल्याने मिक्कोसचे नाव घेतले. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. उतरताना लिकॉनने मला गाठले. "काका, शिरस्त्राण घट्ट होतंय हो. तुम्हाला मापं कळतात, जरा बघा ना." मी ते त्याच्यासाठी सैल करून दिले.

फिलिन्नाकडे लक्ष ठेवले, असे लोक म्हणतात. छप्पर शाकारले, विहिरीचा दोर बदलला, लिकॉनला सुतारकाम शिकवले. ती दर सणाला मधातली तिळाची वडी पाठवते. अडतीस वर्षे मी ती खातो आहे. ती घशाखाली उतरते, याचीच मला लाज वाटते.

तो मुखवटा मी देवळात टांगला नाही. बाकीच्यांनी नाटक झाल्यावर आपापले मुखवटे डायोनिससला वाहिले. माझा माळ्यावर आहे. तो माझ्या चितेवर ठेवावा. देवाला देण्याजोगा तो नाही.

राहिली दोरी. गाठ मारलेली तागाची दोरी माझ्या पेटीच्या तळाशी आहे. मिक्कोसच्या अंगाचे या जगात दुसरे काही उरलेले नाही. ती लिकॉनची. ती घराच्या आधी द्यावी, आणि त्याने घर नाकारले तरी द्यावी. घर नाकारल्यास ते विकून टोळीच्या दगडाची डागडुजी करावी. थिओगेनेसला तरीही करवतच.

आमच्याकडे साक्षीदारांना मृत्युपत्र ऐकवत नाहीत; ते बंद गुंडाळीवर ठसा उमटवतात. मीही तसेच ठरवले होते. मी मेल्यावर लिकॉनने वाचावे आणि मला काही ऐकावे लागू नये. तिबिओसला हे बोललो. तो सरस ढवळत म्हणाला, "म्हणजे मालक, पुन्हा मुखवटा घालूनच." म्हणून साक्षीदारांत लिकॉनलाच बोलावले आणि वरचे सगळे तिघांसमोर मी स्वतः वाचले. पुढचे त्यानंतर लिहीत आहे.

लिकॉन उभ्यानेच ऐकत होता. वाचून संपल्यावर त्याने एवढेच विचारले, "आईला माहीत आहे?" मी नाही म्हणालो. मग त्याने पेटीतून दोरी काढली आणि आपल्या डोक्याभोवती गुंडाळली. टोक बरोबर गाठीवर आले. तो बराच वेळ तसाच दोन्ही हात वर धरून उभा राहिला. मी क्षमा मागितली नाही. त्याला उत्तर द्यावे लागले असते. आज त्याने मला काका म्हटले नाही.

हे सर्व मी समजून, माझ्या हाताने लिहिले आहे.

कोलितोस, अथेन्स. महोत्सवानंतरच्या महिन्याचा सहावा दिवस.

फानोस, एवथिमोसचा मुलगा. अंगठीचा ठसा.

साक्षीदार:

स्त्रातिओस, कातडी कमावणारा. ठसा. ओढ्यापाशी घडलेले जे लिहिले आहे ते खरे आहे.

हेगिआस, कुंभार, शेजारी. ठसा.

लिकॉन, मिक्कोसचा मुलगा. ठसा. ऐकले. दोरी घेतली. घराचे आईला विचारून सांगेन.