अक्कांच्या घरी ठेवलेलं प्रस्थान

माय, तू जन्मात कधी आगगाडी पाहिली नाहीस, आणि मला आगगाडीनं एकटीनं जायला शिकवलंस ते मात्र तूच. हे आता कोणाला सांगितलं तर हसतील. मीही तेव्हा हसलेच होते. भडगावच्या आपल्या स्वयंपाकघरात तू दोन पाट मांडलेस, एक माझा आणि एक डब्यातल्या अनोळखी बाईचा, आणि स्वतः दारात उभी राहून तिकीट तपासणारा साहेब झालीस. धुळ्याच्या दवाखान्यात बायकांना सुईणीचं काम शिकवणार होते, तिथं माझं नाव लागलं होतं. लग्नानंतर वर्षाच्या आत मी पांढऱ्या कपाळानं परत आलेली. उभा जन्म दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचण्यात घालवायचा नसेल, तर एवढी एकच वाट होती. शनिवारी सकाळी हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाईल, असं कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

मग तू कंबर कसलीस. बाजारच्या दिवशी आगगाडीत बसून आलेलं जे कोणी भेटेल, त्याला गाठून विचारत सुटलीस. तिकीट पदराच्या गाठीत बांधायचं नाही, चोळीत ठेवायचं. खिडकीशी बसायचं नाही, कोळशाची कणी डोळ्यात जाते. चाळीसगावला उतरून धुळ्याची गाडी धरायची, आणि ती कुठं उभी आहे ते दोघांना विचारायचं, कारण एखादा न चुकता चुकीचंच सांगतो. मला हसू आवरेना. तू पाटावर लाटणं आपटलंस आणि म्हणालीस, उद्या रडायची पाळी आली की आठवेल. लगेच माझ्या तोंडाकडे पाहून तुझा राग उतरला. "घाबरू नको. मी बठ्ठं इचारी लिधं शे," म्हणालीस, सगळं विचारून घेतलंय. पुढं मोठमोठे डॉक्टर पाहिले मी, पण इतक्या खात्रीनं मला कोणी काही सांगितलं नाही.

निघायचा शुक्रवार जोशीबुवांच्या मते वाईट होता, बुधवार चांगला. म्हणून बुधवारी प्रस्थान ठेवायचं ठरलं. चांगल्या दिवशी गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवलं, की प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. आपल्या गल्लीत नुसत्या गाठोड्यानं भागत नसे, माणसानंही बाहेर पडायचं आणि प्रवास होईपर्यंत घरचा उंबरा ओलांडायचा नाही. तू माझ्या हातावर दही घातलंस आणि मी शेजारी अक्कांकडे राहायला गेले. मधे एक भिंत. बुधवारी संध्याकाळी तू गल्लीत उभी राहून माझ्याकडून चाळीसगावचा पाठ पुन्हा म्हणवून घेतलास. गुरुवारी आलीच नाहीस.

अक्का म्हणाल्या, जरा अंग तापलंय, उतरेल. दुपारी भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायला लागला. मी उठले तशी अक्कांनी माझा हात धरला. "आते उंबरा नको वलांडू. प्रस्थान ठेयेल शे. तुनी मायनीच सांगेल शे." मी खाली बसले. अक्का दिवसभर तुझ्याकडे आणि माझ्याकडे ये-जा करत राहिल्या, आणि मी त्यांच्या ओसरीवर बसून भिंतीकडे पाहत राहिले. आज तो खोकला डोळे मिटून ओळखेन मी. फुप्फुसाचा ताप. चार पावलांवर होतीस तू.

शुक्रवारी बैलगाडीनं कजगाव स्टेशन गाठलं. तू सांगितलंस तसंच सगळं केलं मी, माय. तिकीट चोळीत, जागा खिडकीपासून लांब. चाळीसगावला दोघांना विचारलं, दोघांनी एकच फलाट सांगितला. मला जराही भीती वाटली नाही. धुळ्याच्या स्टेशनात उतरले तेव्हा मान ताठ होती माझी, याची आज लाज वाटते. मंगळवारी अक्कांनी मास्तरांकडून लिहवून घेतलेलं कार्ड आलं. तू शुक्रवारी दुपारीच गेली होतीस. शेवटपर्यंत विचारत होतीस म्हणे, पोरगी चाळीसगावला उतरली असेल का.

तीस वर्षं होत आली. किती बाळंतपणं केली, किती जणींच्या उशाशी बसले, त्याची मोजदाद नाही. त्यानं काही फिटलं नाही. लोक म्हणतात, तू कुठं कुठं एकटी फिरतेस, धीराची बाई आहेस. चाळीसगावच्या फलाटावर मी आजही मान खाली घालून उतरते. देवाला मी काही मागत नाही, मागण्यासारखं काही उरलेलं नाही. अक्का बिचाऱ्या मरेपर्यंत म्हणत राहिल्या, मीच पोरीला अडवलं, ते पाप माझं. मी त्यांना ते म्हणू दिलं. सगळ्यांना मीही हेच सांगत आले, प्रस्थानानं मला अडवलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तरी लिहिते, कारण अक्काही आता नाहीत. शुक्रवारी तांबडं फुटताना मी अक्कांच्या दारात बैलगाडीत बसले होते. अक्का माझ्या दशम्या आणायला आत गेल्या होत्या. आपल्या घरातून तुझी हाक आली. माझ्या नावानं, दोनदा. गाडीवानानं वळून विचारलं, थांबू का? आत आले तर तू मला जाऊ देशील, पण माझाच पाय निघणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, हाक गाडी. दशम्या तिथंच राहिल्या.